घरी तबला-डग्गा रेकॉर्ड करताना: आधी पुडी, मग खोली, मग माइक

अभंग नाशिकमध्ये गायला जातो, पेटी पुण्यात वाजते आणि तबला डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, नाहीतर न्यू जर्सीतल्या एखाद्या बेसमेंटमध्ये. घरून तबला वाजवून ट्रॅक पाठवणं आता सर्रास झालं आहे. वाजवणारे तयारीचे असतात, माइकही बरा असतो. तरी मिक्सिंगला बसलं की तेच ते दोष समोर येतात: तबला पेटीपेक्षा किंचित उतरलेला, डग्ग्याचा नुसता घूं-घूं गोळा, मागे पंख्याची घरघर आणि जोरकस तिहाईवर (तीनदा वाजून समेवर संपणाऱ्या तुकड्यावर) फाटलेला आवाज.

हे दोष बहुतेक वेळा रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीच तयार झालेले असतात, कारण कामाचा क्रम उलटा असतो. आधी माइक लावला जातो, मग लेव्हल बघितली जाते, मग खटकतं म्हणून पंखा बंद होतो आणि सगळ्यात शेवटी, घाईघाईत, तबला लावला जातो. क्रम नेमका याच्या उलट हवा. पुडीवर (वाद्याच्या तोंडावरच्या कातड्यावर) जो आवाज निघालाच नाही तो कुठलाही माइक पकडू शकत नाही, आणि खोलीने जो बिघडवला तो कुठल्याही प्लगइनने पूर्ववत होत नाही.

लागणारं साहित्य थोडं आहे: एक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक, दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), बूम असलेला स्टँड आणि बंद कपांचे हेडफोन. शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक माइक असेल तरी चालतो, फक्त त्याला गेन (माइकच्या आवाजाची वाढ) जास्त द्यावा लागतो. खोली फार घुमत असेल तर त्याचा उपयोगच होतो, कारण तो वाद्याच्या जवळ लावता येतो आणि खोली कमी ऐकतो. यूएसबी माइक असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरमधलं नॉइज सप्रेशन आणि ऑटो गेन आधी बंद करा. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. ती तबल्याची आस (आघातानंतर रेंगाळणारा नाद) गोंगाट समजून कापून टाकते.

## १. आदल्या दिवशी चार गोष्टी विचारून घ्या

"काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी), भजनी ठेका" एवढ्या निरोपावर तबला लावायला बसू नका. पुढच्या गोष्टी स्पष्ट करून घ्या.

गाण्याचा षड्ज कुठला आणि तबला कशात हवा आहे? गायिका काळी पाचमध्ये गात असतील तर तबला पंचमात म्हणजे पांढरी चारला लावायचा, की मध्यमात म्हणजे काळी दोनला, हे चालीवर आणि संगीतकाराच्या पसंतीवर ठरतं. न विचारता लावलात आणि चुकलं तर अख्खं रेकॉर्डिंग पुन्हा करावं लागतं.

पेटी किंवा कीबोर्ड ट्रॅकवर आधीच वाजलेला आहे का? घरातल्या जुन्या पेट्या अनेकदा अ‍ॅपमधल्या तानपुऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. ट्रॅकवर पेटी असेल तर तबला त्या पेटीला लावायचा, अ‍ॅपला नाही. स्वर धरलेला पेटीचा एक तुकडा काढून तो सलग वाजत राहील असा लावून ठेवा.

लय किती, आणि क्लिकचा (लय दाखवणाऱ्या टिक-टिक आवाजाचा) एक ठोका म्हणजे एक मात्रा की अर्धी? ८० आणि १६० चा गोंधळ इथेच होतो. शेवटची गोष्ट सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा टिपायचा. समोरच्याने काही सांगितलं नसेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा.

## २. वाद्य तयार करा

सर्वात जास्त वेळ या पायरीला द्या.

पुडी स्वराला योग्य आहे का ते पाहा. काळी एक-काळी दोनसाठी पाच ते साडेपाच इंचांच्या दरम्यानची पुडी लागते. पांढरी पाच-सहासारखे खालचे स्वर हवे असतील तर पावणेसहा-सहा इंची. लहान तोंडाचा तबला फार उतरवला की आस जाते आणि चाट (पुडीची कड) फडफडते. मोठ्या तोंडाचा ओढून चढवला की आवाज कोरडा, पातळ होतो आणि पुडीही धोक्यात येते. मैफलीत हे खपून जातं. माइकसमोर नाही.

तबला खोलीत मुरू द्या. कातडं हवेतला ओलावा शोषतं आणि सैल पडतं, कोरड्या हवेत ते ताणलं जातं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तबला उतरतो. एसी लावलेल्या खोलीत चढतो. परदेशात हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरात हवा इतकी कोरडी असते की पुडी चढते आणि जुनी असेल तर तडकतेही. म्हणून ज्या खोलीत वाजवायचं तिथे वाद्य निदान तासभर आधी आवरणातून काढून ठेवा, आणि त्या वेळी खोलीची स्थिती रेकॉर्डिंगच्या वेळी असेल तीच ठेवा. एसी बंद करूनच वाजवायचं आहे ना? मग लावतानाही तो बंद हवा. थंड खोलीत लावलेला तबला एसी बंद केल्यावर तिसऱ्या टेकपर्यंत सरकलेला असतो.

सोळाही घरं (वाद्यांमधले, म्हणजे पुडी ताणणाऱ्या कातडी पट्ट्यांमधले, कडेचे भाग) जुळवा. ढोबळ फरक गठ्ठ्यांनी (पट्ट्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) काढा, बारीक काम गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडीने करा. वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. एक घर लावलं की शेजारच्याकडे न जाता समोरच्या घराकडे जा, म्हणजे ताण एकीकडे ओढला जात नाही. प्रत्येक घराच्या चाटेवर "ना" वाजवून ऐका. एखाद्या ठिकाणी स्वर दुभंगून थरथरल्यासारखा वाटला तर ते घर अजून जुळलेलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये ही थरथर दुप्पट जाणवते, कारण तिथे ऐकणाऱ्याचं लक्ष बोटांकडे नसतं, फक्त आवाजाकडे असतं.

ट्यूनर अ‍ॅपवर शेवटचा निर्णय सोपवू नका. तबल्यातून एकाच आघातात अनेक स्वरांश निघतात आणि अ‍ॅप कधी भलताच धरून बसतं. तानपुरा किंवा ट्रॅकमधली पेटी लावा आणि कानाने जुळवा.

डग्गा मैफलीपेक्षा किंचित चढा ठेवा. हे माझं मत आहे आणि सगळ्यांना पटेल असं नाही. कारण सांगतो. बहुतेक श्रोते गाणं मोबाइलवर ऐकतात. मोबाइलचा इवलासा स्पीकर शंभर हर्ट्झच्या आसपासचा आवाज जवळजवळ काढतच नाही. डग्गा फार सैल असला की त्याचा सगळा जीव त्या तळातच राहतो आणि मोबाइलवर डग्गा नाहीसा होतो. थोडा ताण दिला की वरचे स्वरांश खुलतात आणि मनगटाने काढलेली मींड (सरकत जाणारा स्वर) छोट्या स्पीकरवरही कळते.

आता दहा मिनिटं ठेका वाजवा आणि पुन्हा लावा. हात पडायला लागल्यावर पुडी बसते आणि स्वर हलतो. पहिल्यांदा लावलेला स्वर हा शेवटचा स्वर नसतो.

*तपासणी:* घड्याळ, कडं, अंगठी काढली का? चुंबळ (वाद्याखालची गोल बैठक) करकरत नाही ना? वादी कुठे सैल लोंबत नाही ना? अगदी हलक्या हाताने शाईवर (पुडीवरच्या काळ्या गोलावर) वाजवून पाहा. शाईचा कण सुटलेला असेल तर बारीक चर्र ऐकू येईल. पावडर हाताला थोडीच लावा आणि डबा माइकपासून दूर ठेवा. पुडीवर साचलेल्या पावडरचा खरखरीत आवाज येतोच, शिवाय उडालेली भुकटी कंडेन्सर माइकच्या जाळीत जाते.

## ३. खोली शांत करा, मग तिचं घुमणं कमी करा

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांतता म्हणजे बाहेरचा आणि यंत्रांचा आवाज नसणं. घुमणं म्हणजे तुमचाच तबला भिंतींवरून परत येणं.

शांततेसाठी पंखा, एसी, फ्रिज आणि इन्व्हर्टर बघा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जरमुळे अनेक घरांत बारीक हम येतो. मोबाइल फ्लाइट मोडवर, टेबलापासून लांब. मग अर्ध्या मिनिटाची निव्वळ शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. कानाला सवय झालेले कितीतरी आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतात: ट्यूबलाइटचा गुणगुणाट, सोसायटीचा पाण्याचा पंप, शेजारच्या कुकरची शिटी. पंपाची वेळ वॉचमनला विचारून ठेवा. शहरात दुपारी दोन ते चार किंवा रात्री दहाच्या आधीचा तास बऱ्यापैकी निवांत मिळतो. पण डग्ग्याचा ठोका स्लॅबमधून खालच्या घरात पोचतो, त्यामुळे रात्रीची वेळ धरायची असेल तर खालच्यांना आधी सांगा.

घुमणं कसं ओळखायचं? खोलीत ठिकठिकाणी उभं राहून एकेक टाळी द्या. टाळीनंतर धातूसारखी झर्रर अशी शेपूट ऐकू आली तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. त्यातल्या एका भिंतीवर जाड गोधडी टांगा किंवा कपड्यांचं कपाट उघडं ठेवा. पुस्तकांची मांडणी, कापसाची गादी उभी करून टेकवणं, जाड पडदे, हे सगळं चांगलं काम करतं. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. तळाच्या आवाजावर त्यांचा काही परिणाम होत नाही, आणि घरच्या खोलीत तबल्याची अडचण तळाचीच असते.

ही तळाची अडचण नीट समजून घ्या, कारण पुढची बैठकीची जागा तिच्यावर ठरते. दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११२ हर्ट्झचा आवाज अडकून फुगतो. बारा फुटांमध्ये ४७ आणि ९४. डग्ग्याचा घुमारा साधारण ७० ते १२० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये डग्ग्याचे काही स्वर खोली स्वतःच मोठे करते. मींड घेताना मध्येच एखादा स्वर अंगावर येतो आणि पुढचा गायब होतो, त्याचं कारण तुमचं मनगट नाही, ही खोली आहे.

*सावधान:* खोली पूर्ण मारून टाकू नका. चारी बाजूंनी गाद्या लावून आत बसलात तर वरचा आवाज शोषला जातो आणि तळाचा तसाच राहतो. ट्रॅक डब्यात वाजल्यासारखा बद्द होतो. दोन भिंती झाकल्या, एक अर्धवट उघडी राहिली तर उत्तम.

## ४. बसायची जागा ठरवा

कोपऱ्यात बसायचं नाही. तळाचा आवाज कोपऱ्यात सर्वाधिक फुगतो. खोलीच्या बरोबर मध्यभागीही नाही. वर सांगितलेल्या दुपटीच्या आवाजांचा, ९४ आणि ११२ चा, जोर मध्यावरही असतो. लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बसा, दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्या अंतरावर येणार नाहीत अशा बेताने. तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे समोरची भिंत दूर राहील.

खाली सतरंजी किंवा पातळ गालिचा पुरे. जाड गादीवर तबला-डग्गा ठेवला की चुंबळ खचते, वाद्य हलतं आणि हाताचा कोन बदलत राहतो. टाइल्सवर नुसती चुंबळ ठेवणंही टाळा, डग्ग्याचं भांडं खाली घासून किणकिणतं.

ही जागा एकदाच ठरवून सोडून देऊ नका. घरातल्या कोणाला तरी डग्ग्यावर "घे" वाजवत ठेवायला सांगा आणि तुम्ही माइकच्या जागी डोकं नेऊन ऐका. मग वादकाला फूटभर पुढे, फूटभर मागे सरकवा. फूटभरात डग्गा इतका बदलतो की इक्वलायझरने तेवढं काम होणार नाही.

## ५. एक माइक लावा

दोन इनपुट आहेत म्हणून दोन माइक लावायची घाई करू नका. एका माइकने छान आवाज मिळेपर्यंत दुसरा बॉक्समधून काढूच नका. एका माइकला फेजची भानगड (दोन माइकमध्ये आवाज वेगवेगळ्या वेळी पोचून एकमेकांना खाणं) नसते, तबला आणि डग्ग्याचा तोल कानाने ठरतो आणि गाण्यात तो ट्रॅक सहज बसतो. भावगीत, अभंग, लावणीच्या साथीला एक माइक पुरतो.

सुरुवातीची जागा: वादकाच्या समोर, दोन्ही वाद्यांच्या मधल्या फटीकडे रोखलेला, पुडीपासून दीड फूट वर आणि पुढे. माइक वादकाच्या बाजूला नको. श्वास आणि कपड्यांची सळसळ येते. माइकची पाठ सर्वात गोंगाटाच्या दिशेला, म्हणजे बहुधा खिडकीकडे. कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. स्टँडच्या पायांखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर डग्ग्याचा दणका जमिनीतून स्टँडमध्ये चढतो आणि ट्रॅकवर बुडबुडल्यासारखा गडगडाट येतो.

आता ऐकत सरकवा. हे एकाएकी जमत नाही, म्हणून पद्धत ठरवून घ्या. प्रत्येक जागेवर वीस सेकंदांचा तोच तुकडा वाजवा: सुटे "ना, तीं, तूं", मग "तिरकिट", मग "धिरधिर", मग मींडेसह "घे", शेवटी चार आवर्तनं ठेका. वाजवायच्या आधी मोठ्याने बोला, "पहिली जागा, दीड फूट, मध्यावर." म्हणजे नंतर कुठला तुकडा कुठल्या जागेचा ते शोधावं लागत नाही. ऐकताना सगळ्या तुकड्यांचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, आणि जवळचा माइक नेहमीच मोठा वाजतो.

काय ऐकायचं:

"ना" टोकदार आणि पातळ, कानाला टोचतो? माइक चाटेकडे रोखला गेला आहे, शाईकडे वळवा. "तूं" गोल आहे पण "तिरकिट" चिखलात रुतलंय? माइक फार वरून शाईकडे बघतोय. थोडा पुढे आणि खाली, चाटेच्या अंगाला आणा. "धिरधिर"मध्ये फक्त तळव्याची थाप येते, अक्षरं सुटी होत नाहीत? अंतर वाढवा. डग्गा तबल्यावर चढतोय? माइक तबल्याच्या बाजूला चार बोटं सरकवा, मागे नेऊ नका. मागे नेलात तर खोलीचा डग्गाही येऊन मिळतो.

*सावधान:* कार्डिऑइड माइक वाद्याच्या जसजसा जवळ जातो तसतसा तळाचा आवाज फुगवतो. स्टेजवर डग्ग्याला चिकटलेला माइक बघून घरीही तसंच लावलं जातं आणि हाती येतो तो नुसता गोळा. स्टेजवर ते फीडबॅक टाळण्यासाठी असतं. घरी फीडबॅक नाही, त्यामुळे तेवढं जवळ जाण्याचं कारणच नाही.

### दुसरा माइक खरंच हवा असेल तर

एकल वादन असेल, किंवा संगीतकाराने तबला आणि डग्गा वेगळे मागितले असतील, तर दोन माइकचा विचार करा. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, जोडीचा. दोन सारखे माइक, तोंडं एकमेकांच्या अगदी वर, ९० अंशांच्या कोनात, समोर दीड-दोन फुटांवर. आवाज दोन्हींना एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे फेज बिघडत नाही. एकल वादनाला मी हाच मार्ग सुचवेन.

दुसरा मार्ग, वाद्यागणिक माइक. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. नियम असा की दोन माइकमधलं अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट हवं. तबला आणि डग्ग्याच्या शायांमधलं अंतर साधारण सव्वा फूट. माइक एक फुटावर ठेवलेत तर ते एकमेकांपासून तीन फूट हवेत, आणि ते शक्य नाही. म्हणून माइक १५ सेंटिमीटरवर आणा आणि दोन्ही बाहेरच्या बाजूने आत रोखा, म्हणजे त्यांच्यात ४५ सेंटिमीटर राहतात. तरीही डग्ग्याचा आवाज तबल्याच्या माइकपर्यंत उशिरा पोचतोच. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. पंचवीस सेंटिमीटरचा फरक म्हणजे पाऊण मिलिसेकंद, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर त्याने सातशे हर्ट्झच्या आसपास खड्डा पडू शकतो. "आवाज पोकळ येतोय" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

*तपासणी:* दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये ऐका. एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. ज्या स्थितीत डग्गा भरदार ऐकू येतो ती ठेवा. मोनोमध्ये आवाज बारीक होत असेल तर रेकॉर्डिंग सुरू करू नका, माइक हलवा.

## ६. लेव्हल ठरवा

ही पायरी लवकर होते. गेन ठरवताना हळुवार ठेका वाजवू नका. त्या गाण्यात येणारी सगळ्यात जोरकस तिहाई किंवा रेला (वेगवान सलग बोल) पूर्ण ताकदीने वाजवा. मीटरवर शिखरं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवा. प्रत्यक्ष टेकमध्ये रंग चढला की हात आपोआप जड होतो, शिखरांच्या वर राहिलेली जागा त्यासाठी आहे. २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. फाटलेला "धा" मात्र कायमचा फाटलेला राहतो. इनपुटवर कंप्रेसर, लिमिटर, इक्वलायझर काहीही नको.

## ७. हेडफोनमध्ये काय वाजेल ते ठरवा

गाणं किंवा लेहरा (आवर्तनभर फिरत राहणारी धून) स्पीकरवर लावून तबला वाजवू नका. तबल्याच्या माइकमध्ये गायकाचा आवाज शिरतो आणि नंतर गायकाने ओळ बदलली तरी जुनी ओळ भुतासारखी मागे ऐकू येत राहते.

तुमचा स्वतःचा तबला हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरमधून ऐकणं बंद करून इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा. ते नसेल तर बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तेवढा आवाजाचा तुकडा) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर आणा. किंचित उशीरही लय मागे ओढतो, आणि वादकाला वाटतं आज हात बसत नाही.

क्लिक किती मोठा ठेवायचा यावर एक उपाय: क्लिकऐवजी लेहरा आणि अगदी मंद क्लिक एकत्र ठेवा. लेहऱ्यामुळे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) डोळे मिटून कळते, आवर्तन मोजावं लागत नाही. गाण्याच्या शेवटच्या समेनंतर क्लिक आपोआप बंद होईल अशी सोय करा. शेवटच्या "धा"ची आस विरत असताना हेडफोनमधून झिरपलेला टिक-टिक आवाज शांततेत स्पष्ट ऐकू येतो आणि तो काढता येत नाही.

## ८. टेक

सुरुवातीला एक पूर्ण आवर्तन मोकळं ठेवा. भजनी ठेका असेल तर आठ मात्रा, त्रिताल असेल तर सोळा. मग उचल (ठेक्यात शिरण्याआधीचा छोटा तुकडा).

पहिले दोन टेक सलग, अथपासून इतिपर्यंत वाजवा, चूक झाली तरी थांबू नका. गाण्याचा प्रवाह या टेकमध्ये येतो, तुकड्यांतून येत नाही. त्यानंतर हव्या त्या जागा, म्हणजे मुखड्याची उचल, अंतऱ्यातली लग्गी, शेवटची तिहाई, वेगळ्या वाजवून ठेवा. तुकडा वाजवताना नेमक्या जागेपासून सुरू करू नका. निदान दोन आवर्तनं आधीपासून वाजवत या, म्हणजे हाताचं वजन आणि डग्ग्याची शिल्लक आस आजूबाजूच्या वादनाशी जुळेल.

*तपासणी, प्रत्येक टेकनंतर:* तबला तानपुऱ्याशी किंवा पेटीशी पुन्हा जुळवून पाहा. उतरला असेल तर आधी लावा, मग पुढे जा. पहिल्या टेकचा मुखडा आणि चौथ्या टेकचा अंतरा जोडायची वेळ आली आणि दोघांत श्रुतीभर फरक निघाला, तर दोन्ही टेक फुकट जातात.

बसायची जागा आणि माइक टेकमध्ये हलवू नका. पाणी प्यायला उठणार असाल तर चुंबळीभोवती सतरंजीवर खडूने खूण करा आणि स्टँडच्या पायांपाशी चिकटपट्टी लावा. संपल्यावर तीस सेकंद कुणीही न हलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. तुकडे जोडताना मधली फट भरायला ती लागते.

## ९. जोडणी आणि पाठवणी

तुकडा कापायची सर्वोत्तम जागा म्हणजे जोरकस आघाताच्या लगेच आधीचा क्षण, बहुधा समेच्या आधी. डग्ग्याची मींड चालू असताना मध्ये कापू नका. तिथे कितीही गुळगुळीत क्रॉसफेड (दोन तुकडे एकमेकांत विरघळवणं) दिला तरी मनगटाची हालचाल तुटलेली कळते. क्रॉसफेड छोटा ठेवा आणि तो आघाताच्या आधी संपवा, आघातावर आला तर "ना"ची धार बोथट होते.

सगळे आघात क्लिकवर ओढून बसवू नका. ठेक्याचं वजन आघात क्लिकच्या किंचित आगेमागे असण्यातच असतं. एखादी सम फारच चुकली असेल तर तेवढीच हलवा, आणि दोन माइक असतील तर दोन्ही ट्रॅक एकत्र हलवा. नॉइज रिडक्शन लावू नका, ते आधी आस खातं.

स्वतः मिक्स करणार असाल तर चाळीस हर्ट्झच्या खालचं कापा, खोलीने फुगवलेला एखादाच स्वर शोधून थोडा दाबा, आणि दोन माइक असतील तर तबला व डग्गा डावी-उजवीकडे टोकाला नेऊ नका. श्रोत्याच्या बाजूने पाहिलं तर उजव्या हाताने तबला वाजवणाऱ्याचा तबला डावीकडे असतो. दोन्हींना मध्यापासून थोडंसंच अंतर द्या.

दुसऱ्याला पाठवायचं असेल तर काहीही न लावलेली कोरी वेव्ह फाइल पाठवा, गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी, सुरुवातीच्या शांततेसकट. तबला चौथ्या ओळीपासून येत असला तरी फाइल शून्यापासूनच हवी, म्हणजे समोरच्याला ती कुठे बसवायची हे शोधावं लागत नाही. फाइलच्या नावात गाणं, तबल्याचा स्वर, लय आणि माइक कुठला हे लिहा. एमपीथ्री फक्त ऐकवण्यापुरती वेगळी पाठवा. आणि न जोडलेले सगळे टेक, खोलीच्या त्या तीस सेकंदांसह, अंतिम मिक्स मंजूर होईपर्यंत दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. संगीतकार बहुतेक वेळा तुम्ही बाजूला ठेवलेल्या टेकमधलीच एखादी उचल मागतो.